नाचरी चाल, काळे शब्द: मराठी गिटार बँडचं गाणं नेमकं कुठे फसतं

प्रश्न थोडक्यात असा. गोव्यातल्या फोंड्याचा चौघांचा बँड: दोन गिटार, बेस, ड्रम. गाणी मराठी. विषय बंद पडलेली खाण, ट्रकचं कर्ज, घरातलं आजारपण, एका गाण्यात आत्महत्या. चाली मात्र उड्या मारणाऱ्या, द स्मिथ्स या १९८०च्या दशकातल्या इंग्लिश बँडच्या वळणाच्या. म्हापशातल्या एका कॅफेत वाजवलं तेव्हा ट्रकच्या गाण्यावर लोक नाचले, पण गाणं कशावर आहे ते कुणालाच कळलं नाही. आत्महत्येच्या गाण्याला तर लोक चक्क हसले. आता शब्द सौम्य करावेत की चाल हळू करावी?

दोन्ही करू नका. शब्द सौम्य केले की गाणं गुळमुळीत होतं. चाल हळू केली की तेच नेहमीचं भावगीत होतं, मग दोन अँप आणि ड्रमसेट उचलून म्हापशाला नेण्याची गरजच काय? तुमच्याकडे दोन वेगळे बिघाड आहेत. लोक नाचले पण त्यांनी ऐकलं नाही, हा बिघाड मात्रांचा आणि आवाजाच्या मांडणीचा. लोक हसले, हा बिघाड यमकाचा. यमकाचा आधी घेऊ, तो कागदावरच सुटतो.

मराठी कानाला वात्रटिकेची सवय आहे. आखूड ओळी, घट्ट यमक आणि चौथ्या ओळीत टोला. हा साचा वर्तमानपत्रांतून आणि कविसंमेलनांतून इतका मुरला आहे की त्यात काहीही ओतलं तरी चौथ्या ओळीला माणूस हसायला तयारच असतो. त्यात चाल नाचरी असली की विचारायलाच नको. तुमच्या गाण्यात मरणाची बातमी बहुधा चौथ्या ओळीत, नेमकी यमकावर पडत असणार. ती तिथून उचला. दुसऱ्या किंवा तिसऱ्या ओळीत येऊ द्या आणि चौथी ओळ घरातल्या एखाद्या साध्या कामाला द्या. यमकही सैल करा. 'गेला, मेला, नेला' अशी पूर्ण वाजणारी यमकं ओळीने आली की हशा ठरलेला. शेवटचा स्वर जुळला तरी गाण्याला पुरतो.

ट्रकच्या गाण्यासाठी एक नमुना करून दाखवतो:

अंगणात ही गाडी निजली,
टायरखाली हळद उगवली;
बँकेमधला दादा आला,
आईने त्या चहा पाजला.

यात दुःख, अंधार, अश्रू, एकाकी यांपैकी एकही शब्द नाही. बातमी तिसऱ्या ओळीत येऊन जाते आणि चौथीत आई आपलं काम करते. नाचऱ्या चालीला असेच शब्द पेलतात. चाल आणि शब्द दोघेही आपापल्या परीने काही झालंच नाही असं वागतात, त्यामुळे काय झालंय ते ऐकणाऱ्याला स्वतःलाच जुळवावं लागतं. उलट शब्दांनी गळा काढला आणि चाल हसत राहिली की चाल शब्दांची टिंगल करतेय असं वाटतं. नवे बँड इथेच फसतात. उपरोध करतोय हे दाखवायला ते गाताना मिस्कील हसतात, मग सगळंच खोटं होतं.

आता मात्रा. वरची प्रत्येक ओळ आठ अधिक आठ अशी सोळा मात्रांची आहे, म्हणजे शाळेत शिकलेलं पादाकुलक. एक मात्रा म्हणजे अर्धी बीट धरा: सोळा मात्रा बरोबर दोन बारमध्ये बसतात (एक बार म्हणजे चार बीट). १५० बीपीएमला (मिनिटाला १५० बीट) अर्धी बीट २०० मिलिसेकंदांची, म्हणजे ओळ ३.२ सेकंदांची. तिच्यात नऊ ते बारा अक्षरं आहेत, सेकंदाला तीन-चार. हे पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही समजतं. तीच ओळ एका बारमध्ये कोंबली की सेकंदाला सहा-सात अक्षरं होतात. गाणं पाठ असणाऱ्याला ती ऐकू येतात, नवख्याला फक्त सूर ऐकू येतो. तुमच्या कॅफेत बहुतेक हेच झालं. एखाद्या जुन्या ओळीत वीस-बावीस मात्रा भरत असतील तर विशेषणं कापा. 'माझ्या म्हाताऱ्या बापाच्या थकलेल्या हातात' यातला फक्त हात उरला तरी चालतो.

एक बारीक गोष्ट, पण तालमीत फार वेळ खाते. बोलताना आपण 'हळद' म्हणतो तेव्हा शेवटचा अ गिळतो, गाताना मात्रा भरायला तो परत आणावा लागतो: ह, ळ, द, तिन्ही अर्ध्या-अर्ध्या बीटचे. गायक कधी बोलल्यासारखं म्हणतो आणि कधी गायल्यासारखं, मग ड्रमरला वाटतं गायक घाई करतोय आणि गायकाला वाटतं ड्रमर मागे पडतोय. कोणत्या शब्दाचा अ म्हणायचा आणि कोणत्या जागी तेवढी अर्धी बीट मोकळी सोडायची, ते गाण्याच्या कागदावर पेन्सिलने खूण करून ठरवून टाका. वरच्या सुरांवर आ किंवा ए येईल असे शब्द निवडा. ई आणि ऊ वर चढले की पुरुषाचा आवाज चिमटतो आणि शब्द ओळखू येत नाही.

कोरसमध्ये, म्हणजे ध्रुवपदात, जे ठेवाल ते लोक ओरडणार, हे धरून चाला. म्हणून काळी ओळ कोरसमध्ये कधीच नको. तिथे असं वाक्य ठेवा जे कुणालाही ओरडता येईल आणि प्रत्येक अंतऱ्यानंतर ज्याचा अर्थ थोडा सरकेल. या गाण्याला 'बसा ना, चहा घ्या' एवढंच पुरेल. पहिल्या अंतऱ्यानंतर ते पाहुण्याला म्हटलेलं असतं, दुसऱ्यानंतर वसुलीवाल्याला. तिसऱ्या अंतऱ्यात घरी माणसं जमलेली असतात आणि कशासाठी जमली ते गाणं सांगत नाही.

हे वाक्य निवडण्यामागे आणखी एक कारण आहे. 'बसा ना' म्हणजे लघु, गुरू, गुरू: यगण. 'चहा घ्या' हाही यगण. दोनदा म्हटलं की चार यगण, बारा अक्षरं, पुरता भुजंगप्रयात. मनाच्या श्लोकांचं हेच वृत्त, त्यामुळे मराठी शाळेत गेलेल्या माणसाच्या जिभेला ते आपोआप येतं. शिकवावं लागत नाही, दुसऱ्या फेरीला लोक सोबत म्हणू लागतात. ४/४ मध्ये बसवताना लघु अक्षर आधीच्या बारच्या शेवटच्या अर्ध्या बीटवर घ्या: 'ब' चौथ्या बीटच्या उत्तरार्धात, 'सा' पुढच्या बारच्या पहिल्या बीटवर, 'ना' तिसऱ्या बीटवर. 'सा' दोन बीट टिकतो, 'ना' दीड, उरलेल्या अर्ध्या बीटवर पुढचा 'च'. प्रत्येक गणाला एक बार, कोरस चार बारचा, तो दोनदा.

चालीकडे येऊ. पट्टी पांढरी सहा, म्हणजे ए मेजर. पुरुषाच्या आवाजाला खालच्या पंचमापासून मधल्या पंचमापर्यंतचा पट्टा इथे बरा मिळतो. अंतऱ्याची चाल भूपाच्या पाच सुरांत बांधा: सा रे ग प ध. मध्यम आणि निषाद वगळले की चाल निरागस वाटते, पोरांनाही म्हणता येते, आणि खालच्या कॉर्ड बदलल्या तरी सहसा कुठे टोचत नाही. ओळीची सुरुवात ग किंवा प वरून करा, सा वरून नको. सा वरून सुरू झालेली ओळ प्रार्थनेसारखी वाटते.

अंतऱ्यात दोन्ही गिटार ए मेजरवरच राहू द्या आणि काळेपणाचं काम बेसला द्या. पहिल्या ओळीखाली बेस ए वर, दुसरीखाली एफ शार्पवर, तिसरीखाली डी वर, चौथीखाली ई वर. दुसऱ्या ओळीला वरच्या ए मेजरचे तीन सूर आणि खालचा एफ शार्प मिळून एफ शार्प मायनर सेव्हन तयार होतो. गिटारवाल्यांनी बोट हलवलेलं नसतं, तरी जमीन सरकते. लोकांना ते कळत नाही, पण जाणवतं. गिटारनेच उदास वाजणारी मायनर कॉर्ड ठासून वाजवली तर 'आता वाईट वाटून घ्या' अशी पाटी लावल्यासारखं होतं.

पूर्ण गाण्यात एकच जागा अशी ठेवा जिथे चालीलाही ठाऊक आहे हे दिसेल. ती शेवटच्या कोरसमध्ये. पहिल्या दोन कोरसना कॉर्ड ए, डी, डी, ए. शेवटच्याला ए, डी, डी मायनर, ए. यात एफ शार्प, एफ, ई असा एक सूर पायरी-पायरीने उतरतो. आपल्या भाषेत शुद्ध धैवत, कोमल धैवत, पंचम. त्या बारमध्ये गायकाने षड्जावर थांबावं, धैवताला हात लावू नये. शुद्ध धैवत गायला तर गिटारच्या कोमल धैवताशी सरळ टक्कर होते. हीच टक्कर दोन गिटारांमध्येही होते, आणि तीच जास्त वेळा होते: एक डी मायनर वाजवतो, दुसऱ्याचा हात सवयीने डी मेजरवर जातो. तालमीत ते 'काहीतरी बेसूर आहे' एवढंच वाटतं आणि सगळे ट्यूनर काढून बसतात. उपाय सोपा आहे. त्या बारपुरती दुसऱ्या गिटारने फक्त डी आणि ए या दोन सुरांची जोडी वाजवावी, कोमल धैवत पहिलीकडे सोडावा. हा डी मायनर आधीच्या कोरसमध्येही वापरला की त्याची सवय होते आणि काम संपतं.

गिटारची लखलख. द स्मिथ्सच्या रेकॉर्डिंगमध्ये त्यांचा गिटारवादक जॉनी मार याने एकाच गाण्यात गिटारचे कितीतरी थर चढवलेले असत. मंचावर ते एका माणसाकडून होत नाही, आणि १९८६ मध्ये त्यांनीही काही काळ क्रेग गॅनन हा दुसरा गिटारवादक घेतलाच होता. तुमच्याकडे दोघं आहेत तर दोघांनी एकच स्ट्रमिंग करणं म्हणजे नासाडी. एकाने कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) दुसऱ्या फ्रेटवर लावून जी च्या आकृत्या वाजवाव्यात, दुसऱ्याने सातव्यावर लावून डी च्या. दोन्हींतून ए मेजरच निघतो, पण एक मधल्या पट्ट्यात आणि दुसरा वर, मोकळ्या तारांसकट. पहिल्याने सरळ स्ट्रमिंग, दुसऱ्याने तारा सुट्या छेडायच्या. गायक गात असताना दुसऱ्याने बारमधल्या निम्म्या जागा सोडाव्यात आणि ओळ संपली की भरावं. डिलेचंही, म्हणजे सूर थोड्या वेळाने परत ऐकवणाऱ्या इफेक्टचंही, तेच. १५० बीपीएमला दीडपट आठव्याचा डिले ३०० मिलिसेकंद होतो. ओळींच्या मधल्या फटीत तो सुंदर वाटतो, शब्दांवर आला की व्यंजनं खातो. हिशेब ६०,००० भागिले बीपीएम, म्हणजे एका बीटचे मिलिसेकंद. दीडपट आठव्यासाठी त्याचा पाऊण भाग. कोरस नावाचं इफेक्ट पेडल वापरायचंच असेल तर एकाच गिटारवर, डेप्थ कमी ठेवून. ओव्हरड्राइव्ह जवळपास नको.

ही लखलख नव्या तारांतून येते आणि गोव्यात जून ते सप्टेंबर ती टिकत नाही. घाम आणि दमट हवा मिळून तारा काळवंडतात, वरचे सूर मरतात, मग गिटारवाला अँपचा ट्रेबल वाढवतो आणि तो ट्रेबल बरोबर गायकाच्या व्यंजनांवर जाऊन बसतो. तेव्हा वाजवून झाल्यावर तारा सुक्या फडक्याने पुसा, गिटार केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा, जमल्यास कोटेड तारा घ्या. अकूस्टिक असेल तर पावसाळ्यात लाकूड फुगून तारा फ्रेटपासून उंच होतात, आणि उंच तारांवर सातव्या फ्रेटचा कॅपो सूर वर ढकलतो. म्हणून कॅपो लावल्यानंतर पुन्हा ट्यून करा, आधी नाही. तीच गिटार पुढच्या गाण्याला बिनकॅपोची लागणार असेल तर ते गाणं लगेच पाठोपाठ ठेवू नका.

ड्रम. १४५ ते १५५ यांच्यामध्ये राहा. अडचण अशी की टाळ्या पडल्या की बँड पळतो. १५० ला सुरू झालेलं गाणं तिसऱ्या अंतऱ्याला १६५ ला पोचतं, अर्धी बीट २०० वरून १८२ मिलिसेकंदांवर येते, आणि नेमका महत्त्वाचा अंतरा तोंडातच राहतो. निदान ड्रमरच्या कानात क्लिक, म्हणजे लयीची टिकटिक, द्या. हायहॅट (पायाने उघडबंद होणारी झांजांची जोडी) अंतऱ्यात बंद, कोरसला अर्धवट उघडा. क्रॅश झांज शब्दाच्या पहिल्या अक्षरावर मारू नका. गंभीर ओळ आली की ड्रमरला थांबावंसं किंवा अर्ध्या लयीत जावंसं वाटतं, ते करू देऊ नका. थांबायचंच तर ती ओळ संपल्यावर दोन बीट. ऐकलेलं वाक्य डोक्यात पोचायला तेवढा वेळ लागतो.

घुमट (गोव्यातलं मातीचं, कातडं लावलेलं तालवाद्य) घ्यावं का? घ्या, पण शोभेला नको. गणेशचतुर्थीत घुमट आरत्या ऐकून वाढलेल्या माणसाच्या अंगात तो ठेका बसलेला असतो. तो वाजला की त्याला घर, आरास, प्रसाद आठवतो. कर्जाच्या गाण्याखाली तो ठेका घातला तर विरोधाभास चालीतून न येता आठवणीतून येतो आणि जास्त खोल लागतो. मात्र त्याच्या सोबतीची शामेळ, कांसाळें ही वाद्यं, सगळा ताफा आणला की गाणं शासकीय लोकोत्सवाचं होतं. एक घुमट, फक्त कोरसला. माइक डायनॅमिक, हाताने उघडझाप करतात त्या लहान तोंडापासून वीतभर लांब, आणि १०० हर्ट्झच्या खालचं कापा, नाहीतर त्याचा घुमार बेस आणि किक ड्रममध्ये मिसळून चिखल होतो.

गायकाने चेहरा कसा ठेवायचा, याला फुगडी बघा. सासूचा जाच, माहेरची ओढ, सगळं गाण्यात असतं, पाय मात्र जोरात पडत असतात, आणि म्हणणारी बाई तोंड वाकडं करत नाही की डोळा मारत नाही. तसंच गा. गाण्याआधी 'हे गाणं जरा दुःखी आहे' अशी प्रस्तावना नको. एक माहितीचं वाक्य पुरे: '२०१८ मध्ये खाणी बंद झाल्या, त्यानंतर उभ्या राहिलेल्या एका ट्रकचं गाणं.' खाणपट्ट्यातल्या डिचोलीत किंवा सांग्यात एवढंही लागणार नाही. पणजीत आणि किनाऱ्याकडे लागतं.

कॅफेतला आवाज. जांभ्याच्या भिंती, टाइल्सची जमीन, वर पत्रे किंवा कौलं: सगळं कडक, सगळं परतून येतं. आवाज लावताना बहुतेक बँड ड्रमपासून सुरू करतात आणि गायकाला उरलेल्या जागेत बसवतात. उलट करा. आधी गायकाचा माइक शिट्टी मारेपर्यंत वाढवा, तिथून तीन-चार डेसिबल खाली आणा. तीच तुमची कमाल. मग ड्रमरला तेवढ्यात वाजवायला सांगा. जमत नसेल तर जाड काठ्यांऐवजी हॉट रॉड्स, म्हणजे बारीक काड्यांच्या जुड्या. मग बेस, शेवटी गिटार, शब्द बुडू लागेपर्यंत वाढवून तिथून थोडं मागे. गिटारवर १२० हर्ट्झखालचं कापा आणि अडीच ते साडेतीन किलोहर्ट्झला दोन-तीन डेसिबल कमी करा. व्यंजनं तिथेच राहतात. अँप जमिनीवर ठेवलं तर त्याचा आवाज वादकाच्या पोटऱ्यांना लागतो आणि तो वाढवत सुटतो. खुर्चीवर ठेवून तोंड त्याच्या कानाकडे वळवा, मग तोच कमी करेल. तपासणी अशी: गाणं कधी न ऐकलेल्या माणसाला सगळ्यांत लांबच्या टेबलावर बसवा आणि ऐकू आलेल्या ओळी लिहायला सांगा. चारपैकी तीन आल्या पाहिजेत. मित्रांना विचारू नका, त्यांना शब्द पाठ असतात.

रेकॉर्डिंगबद्दल फार सांगण्यासारखं नाही. आवाज कोरडा आणि जवळचा ठेवा, माइकपासून दहा-पंधरा सेंटिमीटर, मध्ये पॉप फिल्टर, कारण ख, फ, भ फटकन फुटतात. रिव्हर्ब आखूड. दोन गिटार डावी-उजवीकडे साठ-सत्तर टक्के. इंट्रो आठ बार, तीन अंतरे आणि तीन कोरस आठ-आठ, मध्ये आठ वाद्यांचे, शेवटी आठ: एकूण ७२ बार, १५० ला सुमारे एक मिनिट पंचावन्न सेकंद. ते लांबवू नका.

आत्महत्येच्या गाण्याबद्दल वेगळं सांगतो. पद्धत गाण्यात नको, ना अंतऱ्यात ना कोरसात. नाचऱ्या चालीवर ती गुणगुणली जाते, आणि ऐकणाऱ्यांत कोण कोणत्या अवस्थेत बसलंय ते तुम्हाला मंचावरून दिसत नाही. मागे राहिलेल्यांच्या दिवसाचं गाणं करा: सकाळी पाणी कोण भरतं, त्याची स्कूटर कोण पुसतं. दुसरं असं की गोवा लहान आहे. वाड्याचं नाव, गाडीचा रंग, धाकट्या भावाची नोकरी, यांतल्या दोन गोष्टी आल्या की घर ओळखू येतं. तपशील खरा वाटू दे, पण एका घराचा नको. दोन-तीन घरांतून गोळा करा आणि गाव बदला.

क्रम लावताना हे गाणं शेवटी ठेवण्याचा मोह होईल. उघड्यावरच्या जागेत रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो, कार्यक्रम नेहमीच उशिरा सुरू होतो, आणि शेवटचं गाणं कापलं जातं किंवा घाईत १७० ला वाजवलं जातं. ट्रकचं तिसरं ठेवा, तोवर आवाज जमलेला असतो आणि लोक अजून प्यायलेले नसतात. हे आत्महत्येचं पाचवं. मध्ये एक खरोखरच आनंदी गाणं हवं. ते तुमच्याकडे नसेल तर आधी ते लिहा.